खुर्चीतलं रीडिंग

आमच्या विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपलं की सहा महिन्यांचं कारखान्यातलं ट्रेनिंग असतं, आणि ते ऐच्छिक असतं. कुणाच्या इच्छेने, ते माहितीपत्रकात दिलेलं नाही. माझ्या वेळी आईची इच्छा होती, बाबांची होती, ट्रेनिंगचं बघणाऱ्या डॉ. पळसुले मॅडमची होती. एक माझी सोडून सगळ्यांची होती.

वर्गातल्या साठपैकी सत्तावन्न जणांनी शहाण्यासारखं हेडसेटवालं ट्रेनिंग घेतलं. घरी पंख्याखाली बसायचं, डोक्याला हेडसेट चढवायचा, आभासी कारखान्यात फिरायचं आणि दीड महिन्यात वीस क्रेडिट घेऊन मोकळं व्हायचं. चूक झाली तर कारखाना उडतो, मग एक बटण दाबलं की पुन्हा उभा. मलाही तेच हवं होतं. पण आमच्या घरात दत्ताराम शिगवण राहतात. ते माझे बाबा. खेडच्या पुढे महामार्गालगत आमची एमआयडीसी आहे, तिथल्या निर्झरा ऑर्गॅनिक्समध्ये ते एकोणीस वर्षं ऑपरेटर.

"डोक्याला टोपडं घालून कारखाना कळतो होय गो?" बाबा म्हणाले. "ॲसिडचा वास नाकात गेल्याशिवाय कोणी इंजिनिअर होत नाही. आमच्याकडे ये."

"बाबा, तुमच्याकडे येऊन मी काय करू? तुमचा डबा गरम करू?"

"मनस्वी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. आईने पूर्ण नाव घेतलं की चर्चा संपते. मी फॉर्म भरला.

निर्झरामध्ये रंगाच्या कारखान्यांना लागणारा कच्चा माल बनतो. तिथला तीन नंबरचा रिॲक्टर म्हणजे तीन पुरुष उंचीचं पोलादी भांडं. आत एक द्रव असतो, त्यात वरून हळूहळू ॲसिड सोडायचं. ॲसिड पडलं की उष्णता निघते, ती निघेल तशी बाहेर काढावी लागते. म्हणून भांड्याभोवती दुसरं कवच असतं. त्याला जॅकेट म्हणतात. त्यातून गार पाणी फिरतं आणि उष्णता घेऊन बाहेर पडतं. आता खरी गोम अशी की भांडं दहा अंशांनी जास्त तापलं की आतली क्रिया जवळजवळ दुप्पट वेगाने होते, म्हणजे उष्णताही दुप्पट निघते. पाणी बिचारं आपल्याच चालीने चालतं. एकदा उष्णता पाण्याच्या पुढे पळाली की तिला कोणी गाठू शकत नाही, काही मिनिटांत भांडं फुटतं. परीक्षेत यावर हमखास दहा मार्कांचा प्रश्न असतो. निर्झराच्या भिंतीपलीकडे दोनशे पावलांवर शाळा आहे, मी तिथेच चौथीपर्यंत शिकले. ते काही प्रश्नात नसतं.

जॅकेटमधून बाहेर पडणारं पाणी किती गरम आहे, हे एका तबकडीवर दिसतं. ही तबकडी वर आहे, बेचाळीस लोखंडी पायऱ्या चढून, ॲसिडच्या टाकीमागे. तिथे तीनदा इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवला आणि तीनही वेळा ॲसिडच्या वाफांनी तो खाऊन टाकला. म्हणून दर तासाला ऑपरेटरने वर चढायचं, काटा बघायचा, खाली येऊन लॉगशीटवर आकडा लिहायचा. त्याला रीडिंग म्हणतात.

आणि पाळी संपली की चार्ज द्यायचा. जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला घेऊन सगळीकडे राऊंड मारतो, काय गरम आहे, काय गळतंय ते दाखवतो, मग एक जण 'चार्ज दिला' लिहून सही करतो, दुसरा 'चार्ज घेतला' लिहून. कारखाना सुरू झाल्यापासूनची ही रीत. मी गेले तोवर राऊंड मागे पडला होता, सह्या तेवढ्या राहिल्या होत्या.

पण माझं काम रिॲक्टरवर नव्हतंच. माझं काम जुळ्याकडे होतं.

जुळा म्हणजे संगणकातला तीन नंबरचा रिॲक्टर. खऱ्या भांड्यात जे घडतं तेच क्षणाक्षणाला तिथे घडत असतं, आणि पुढच्या तासाला काय होणार तेही तो आधीच घडवून बघतो. नऊ महिन्यांत तो तीन नंबर चालवायला शिकला होता. जिथे सेन्सर टिकत नाही तिथलं तापमान तो जुन्या रीडिंगवरून अंदाजाने सांगायचा, त्याला आभासी मापक म्हणतात. म्हणजे आता पायऱ्या चढायला नकोत, चढणारी माणसंही नकोत. माझ्या ट्रेनिंगच्या चौथ्या महिन्यातल्या एका सोमवारी अकरा वाजता तो चार्ज घेणार होता.

"आणि त्याचं निरीक्षण ऐक," इनामदार सर पहिल्या दिवशी मला म्हणाले. हे पुण्याहून जुळा घेऊन आलेले साहेब. शर्टाला कधी सुरकुती नाही, बोलण्यालाही नाही. "जुळा म्हणतो, ऑपरेटर अकारण सावध आहेत. आठ तास घेऊन सोडतात ते ॲसिड पाच तासांत सहज सोडता येईल. जॅकेटच्या पाण्याची ताकद निम्मीसुद्धा वापरली जात नाही. एकोणीस वर्षं ही माणसं घाबरत काम करत होती, मनस्वी!"

मी मान डोलावली. ट्रेनिंगमध्ये मान डोलावण्याचे वेगळे मार्क नसतात, एवढंच.

मला दिलेलं काम म्हणजे साफसफाई. एकोणीस वर्षांच्या लॉगशीट स्कॅन करून ठेवल्या होत्या. एक सॉफ्टवेअर प्रत्येक ऑपरेटरच्या शीटला शंभरपैकी स्वच्छता गुण देई. खाडाखोड असली, रकाना रिकामा असला, आकडा एकदम वर किंवा खाली गेला की गुण कमी. ऐंशीच्या खालच्या शीट 'गाळलेले' म्हणून बाजूला टाकायच्या आणि उरलेल्या जुळ्याला शिकायला द्यायच्या. तीन महिने मी हेच केलं. याला म्हणे इंजिनिअरिंग.

बाबांना अठ्ठ्याण्णव गुण पडले. मला काय आनंद झाला होता! बाबांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. एकतीस, साडेएकतीस, एकतीस, बत्तीस, एका ओळीत, कुठे शाईचा ठिपका नाही. त्यांना दोनदा उत्कृष्ट ऑपरेटरचं प्रमाणपत्र मिळालं होतं, ते आमच्या टीव्हीच्या वर लावलं होतं.

सगळ्यात कमी गुण परकारचाचांना. एकेचाळीस. इब्राहिम परकार, बाबांच्याच दिवशी कामाला लागलेले. त्यांच्या शीटवर चहाच्या कपाचे गोल, खोडलेले आकडे, कधी एकोणतीस तर कधी चौतीस, मध्येच रकान्यात आकड्याऐवजी 'ताप आहे, चढलो नाही'. मी एका दुपारी त्यांच्या सगळ्या शीट उचलून गाळलेल्यांत टाकल्या आणि वर त्यांना जाऊन सांगितलंसुद्धा.

"चाचा, तुम्ही नापास झालात. एकेचाळीस!"

"पस्तीसला पास असतं ना गो?" ते म्हणाले आणि बिडी शोधायला खिसा चाचपू लागले. कारखान्यात बिडीला बंदी आहे, त्यांच्या खिशात एकोणीस वर्षं बिडी नव्हती, पण चाचपायचे.

मग कंपनीने जाहीर केलं की जुळ्याचं नाव 'दत्ताराम' ठेवणार. कारण तो मुख्यतः बाबांच्या रीडिंगवर शिकला. सोमवारी मांडव, पूजा, मुंबईहून पाहुणे, आणि बाबांनी वहीत 'चार्ज दिला' लिहून सही करायची. आईने तिच्या माहेरची अकरा माणसं बोलावली. जणू बाबांचं दुसरं लग्न होतं.

शुक्रवारी सकाळी पळसुले मॅडमचा फोन आला.

"अगं, तुझ्या रिपोर्टात प्रत्यक्ष उपकरणासोबतचा फोटो नाहीये. दोन मार्क आहेत त्याला."

"मॅडम, मी तीन महिने संगणकासमोर बसलेय. संगणकासोबतचा चालेल?"

"उपकरण, मनस्वी. काटा दिसायला हवा."

काटा दिसायला हवा! मी चडफडत हेल्मेट घातलं आणि त्या बेचाळीस पायऱ्या चढले. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगमधली माझी वर जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही दोन मार्कांसाठी. नाकात ॲसिडचा वास भसकन शिरला. टाकीमागे वाकले, तबकडीवरची धूळ पुसली, फोन हात लांब करून धरला, दात दाखवले, फोटो काढला. मग फोटो बघितला.

काटा अडतीसवर होता.

पुन्हा तबकडीकडे बघितलं. अडतीस. मी बोटाने टिचकी मारली, काटा थरथरला आणि अडतीसवरच येऊन बसला. फोनवर जुळ्याचा पडदा उघडला. जॅकेट, बाहेरचं पाणी: साडेएकतीस.

खाली येईपर्यंत माझ्या डोक्यात गणित सुरू झालं होतं. आत शिरणारं पाणी पंचवीस अंशांचं. बाहेर पडणारं एकतीस-बत्तीस असेल तर ते सहा-सात अंश तापतं. अडतीस असेल तर तेरा. उष्णता तेवढीच आणि पाणी दुप्पट तापतंय, म्हणजे पाणी निम्मंच वाहतंय. पाण्याचा मीटर पाच रिॲक्टरना मिळून एकच, त्यात एकट्या तीन नंबरचं काय कळणार! गिझरच्या नळीत क्षार बसून धार बारीक होते ना, तसं जॅकेट आतून बुजत चाललं होतं. आणि सोमवारी जुळा आठ तासांचं ॲसिड पाच तासांत ओतणार. मी त्या वेगाने मांडून पाहिलं तर पाणी शेहेचाळीसवर जात होतं. भांडं असतं पंचावन्नवर. मग उष्णता बाहेर जायला पुरेसा फरकच उरत नव्हता. पहिल्याच बॅचला भांडं हाताबाहेर गेलं असतं, दुपारी तीन-चारच्या सुमारास, शाळा सुटायच्या आधी.

परकारचाचा पंपापाशी उभे होते. मी फोटो त्यांच्यापुढे धरला.

"अडतीस," ते शांतपणे म्हणाले. "गेल्या आठवड्यात मी सदतीस लिहिलं."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"लिहिलं ना गो. आता लिहिलेलं कोणी वाचायचंच नाही म्हटलं तर मी काय, भोंगा लावू?"

मी धावत जाऊन 'गाळलेले' उघडलं. चाचांच्या सगळ्या घाणेरड्या शीट तिथे होत्या. एकोणतीस, तीस, महिन्यांमागून महिने हळूहळू चौतीस, छत्तीस, मग एकदम एकोणतीस. त्या आठवड्यात जॅकेट धुतल्याची नोंद होती. पुन्हा चढ, पुन्हा धुणं. चार वेळा. शेवटचं धुणं तीन वर्षांपूर्वीचं. आणि बाबांच्या शीटवर पहिलं वर्ष सोडलं तर सपाट साडेएकतीस. जॅकेट धुवायच्या आदल्या दिवशी एकतीस, धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी एकतीस.

तिथेच मला कळलं. शीट स्वच्छ होत्या, कारण त्या वर जाऊन आल्याच नव्हत्या. आणि त्या स्वच्छ म्हणून मीच निवडल्या होत्या, या हातांनी, तीन महिने बसून. कपाळ माझं!

इनामदार सरांनी फोटो झूम करून पाहिला.

"तबकडी जुनी आहे."

"सर, परकारचाचांच्या शीटवर पण..."

"ज्यांचे एकेचाळीस गुण आहेत?"

"सर, ते गुण नीटनेटकेपणाचे आहेत, खरेपणाचे नाहीत!"

"मनस्वी, एका बाजूला एकोणीस वर्षांची तीसेक हजार रीडिंग, दुसऱ्या बाजूला तुझा एक सेल्फी. जुळ्याला विचारूया." त्यांनी विचारलं. जुळ्याने अर्ध्या सेकंदात सांगितलं की तबकडी बिघडल्याची शक्यता नव्व्याण्णव टक्के आहे, ती काढून टाकावी. "बघ," सर म्हणाले. "काढून टाकू."

"ज्याने लिहिलं तोच म्हणाला की ती रीडिंग खोटी आहेत, तर?"

सरांनी पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढली. "तर जुळा शून्यापासून शिकवावा लागेल. पण कोण म्हणणार आहे?"

मी सुरक्षेच्या तक्रारपेटीवरही लिहिलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'आपली शंका तपासली. धोका नगण्य. आपला, दत्ताराम.' तक्रारपेटीही आता जुळाच बघत होता. पाहुणा म्हणून आला आणि घरधनी होऊन बसला!

संध्याकाळी बाबा सोमवारच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. तीन दिवस आधी.

"बाबा, तीन नंबरच्या जॅकेटचं पाणी किती असतं?"

"साडेएकतीस." इस्त्री चालूच.

"आज अडतीस आहे. मी वर जाऊन बघितलं."

इस्त्री थांबली.

"बाबा, तुम्ही शेवटचे वर कधी गेला होतात?"

"बापाला खोटारडा म्हणायला शिकवलं का तुला कॉलेजात?"

"शिकवलं असतं तर फार बरं झालं असतं! सांगा ना, कधी?"

शर्टाचा वास यायला लागला म्हणून मीच इस्त्री उचलून उभी केली. बाबा पलंगावर बसले. मला वाटलं ओरडतील. ते हळू बोलायला लागले, त्याने मला जास्त भीती वाटली.

"पहिल्या वर्षी चढायचो. एकदा छत्तीस आलं, छत्तीस लिहिलं. तेहतीसच्या वर गेलं की तीन पानांचा फॉर्म असतो. का गेलं, तू काय केलंस, कुणाला सांगितलंस. मग साहेब बोलावणार, मग मेमो. परकार लिहीत राहिला, त्याला सात मेमो आहेत. मी एकदा साडेएकतीस लिहून बघितलं. कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही विचारलं. वर साहेब म्हणाला, शिगवणची शीट बघा, काय टापटीप! मग चढायचं तरी कशाला?"

"आणि भांडं?"

"भांडं मी सांभाळलं!" आता आवाज चढला. "खालच्या पाइपला हात लावला की मला कळतं. जरा गरम लागला की मी ॲसिडचा व्हॉल्व्ह आवळायचो, हाताने, थोडासा. म्हणून आठ तास लागायचे. एकोणीस वर्षांत एक तरी बॅच बिघडली का माझी? विचार कुणालाही."

"तेच तर बाबा! तो हात कुठे लिहिलाय तुम्ही? जुळ्याला तुमचं अक्षर मिळालं, हात मिळालाच नाही. त्याला वाटतंय तुम्ही उगाच घाबरत होतात. सोमवारी तो पाच तासांत ॲसिड ओतणार आहे, आणि खाली पाइपला हात लावायला कोणी नसेल."

बाबांनी स्वतःच्या तळहाताकडे बघितलं.

"तुम्ही सांगितलंत तरच ते थांबतील. माझं कोणी ऐकत नाहीये."

"सगळ्यांसमोर सांगू? मांडवात? तुझ्या आईच्या भावांसमोर, की मी एकोणीस वर्षं खुर्चीत बसून आकडे पाडले?" त्यांनी टीव्हीच्या वर बघितलं आणि मान फिरवली. "जा तू. जेवून घे."

आई दारात उभी होती. किती ऐकलं कोण जाणे. ती म्हणाली, "शर्ट करपलाय. दुसरा काढते," आणि आत गेली.

शनिवार, रविवार बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आमच्या घरात दोघं हट्टी आहेत आणि दोघंही शिगवण आहेत. मी मनाशी ठरवून टाकलं की सोमवारी मीच मांडवात उभी राहून ओरडणार, क्रेडिट गेली खड्ड्यात. मग वाटायचं, ओरडून होणार काय? मला बाहेर काढतील आणि बटण दाबतील. मी शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन करून सोमवारी शाळा लवकर सोडा म्हणाले. त्या म्हणाल्या, कारण लेखी द्या.

सोमवारी मांडवात सनई लावली होती. मोठ्या पडद्याला झेंडूचा हार, त्याखाली हळदकुंकू. मामा, माम्या, पाहुणे, साहेब लोक. बाबा दुसऱ्या पांढऱ्या शर्टात, गळ्यात गुलाबाचा हार. चाचांचंही तीन नंबरवरचं काम त्या दिवशी संपत होतं, पण त्यांना हार नव्हता. ते मागे खांबाला टेकून उभे होते.

"दत्ताराम आता दत्तारामला चार्ज देतील," इनामदार सर माइकवर म्हणाले. लोक हसले, टाळ्या पडल्या. पडद्यातून जुळा म्हणाला, "मी चार्ज घेण्यास तयार आहे." त्याला बाबांसारखाच आवाज दिला होता मेल्यांनी.

टेबलावर वही उघडली होती. बाबांच्या हातात नवं पेन दिलं. मी उठायच्या बेतात होते, आईने माझं मनगट घट्ट धरलं.

बाबांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"राऊंड मारायचा राहिला," ते म्हणाले.

"असू दे हो, औपचारिकताच आहे," इनामदार सर हसत म्हणाले.

"राऊंड मारल्याशिवाय चार्ज द्यायचा नसतो, साहेब. आणि घेणारा सोबत लागतो." त्यांनी पडद्याकडे बघितलं. "याला चढता येतं का?"

कोणीतरी हसलं. बाबा मागे वळून म्हणाले, "परकार, चल रे."

दोघं निघाले. मांडवातून जिना पूर्ण दिसतो. एकोणसाठ वर्षांची दोन माणसं, एकाच्या गळ्यात हार, कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती. वीस पायऱ्यांवर बाबा थांबले, गुडघा चोळला. सनईवाल्याला कुणीतरी थांबवलं. मला एकदम बाबांचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की मी रडायलाच लागले. एकोणीस वर्षं हेच केलं असतंत तर!

ते खाली आले तेव्हा हारातल्या पाकळ्या गळून गेल्या होत्या. बाबा टेबलाशी बसले, पेन उघडलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. त्यांना सवय होती, लिहिताना पुटपुटायची. माइक चालू होता.

"जॅकेट, बाहेरचं पाणी, एकोणचाळीस." मागे पडद्यावर साडेएकतीस दिसत होतं. "याआधीची माझी सगळी रीडिंग खुर्चीत बसून लिहिलेली आहेत. ती खरी धरू नयेत. परकारची खरी आहेत." त्यांनी पुढची ओळ धरली. "चार्ज दिला, इब्राहिम परकार यांना. सही, द. शिगवण."

चाचा पुढे आले, खिसा चाचपून पेन शोधलं, सापडलं नाही. बाबांनी स्वतःचं दिलं. चाचांनी वेडंवाकडं 'चार्ज घेतला' लिहिलं. शेजारच्या कपाचा गोल डाग पानावर उमटलाच.

पुढचा तासभर मांडवात जो गोंधळ झाला तो मी सांगत नाही. इनामदार सर पुण्याला फोन लावत होते, मोठे साहेब इनामदार सरांवर ओरडत होते, मामा म्हणाला, "जेवण आहे ना पण?" बॅच मात्र थांबली. बुधवारी जॅकेट उघडलं तर आत पांढरा थर आणि गाळ, पाण्याच्या वाटेत जेमतेम दोन बोटं जातील एवढी जागा. मोठ्या साहेबांनी स्वतः वाकून बघितलं.

बाबांना आयुष्यातला पहिला मेमो मिळाला. मग चौकशी, प्रमाणपत्रं परत, आणि निवृत्तीला चार महिने असताना पॅकिंगला बदली. टीव्हीच्या वर आता चौकटीच्या आकाराचा पांढरा चौकोन दिसतो. आईने तिथे कॅलेंडर लावलं, बाबांनी ते काढून ठेवलं. परकारचाचांना कोणी काही दिलं नाही. जुळा पुन्हा शिकतोय, त्यांच्या शीटवर. या वेळी त्याच्यासोबत खाली दोन माणसं ठेवायची असं ठरलंय, पाइपला हात लावायला.

पळसुले मॅडमनी माझा रिपोर्ट परत पाठवला. "अगं, डेटा साफ करायचा प्रकल्प होता तुझा. तू तर गाळलेला सगळा परत आत घातलास! अपूर्ण लिहावं लागेल."

"लिहा मॅडम."

"हेडसेटवालं करून टाक दीड महिन्यात. नाहीतर तिथेच आणखी सहा महिने. ऐच्छिक आहे."

मी इथेच फॉर्म भरला. या वेळी आई नको म्हणत होती.

आता मी तीन नंबरला दर तासाला चढते. बाबा रोज जेवताना ताटाकडे बघत विचारतात, "आज किती?" मी सांगते. मग हळूच विचारतात, "चढलीस ना?" पहिले काही दिवस मी चिडायचे. मला विचारता? तुम्ही? पण ते विचारायचं सोडत नाहीत.

गेल्या गुरुवारी माझा पाय मुरगळला होता. अकराचं रीडिंग व्हायचं होतं. नऊला तीस, दहाला तीस. जॅकेट नुकतंच धुतलेलं, जाणार कुठे आहे? मी खुर्चीत बसल्या बसल्या अकराच्या रकान्यात तीस लिहिलं. छान, सरळ, बाबांच्या वळणाचं. लिहून झालं आणि त्या आकड्याकडे बघून मला असा काही संताप आला की विचारू नका. उठले. लंगडत, स्वतःला शिव्या देत, बेचाळीस पायऱ्या चढले आणि तबकडी पुसली.

काटा तीसवरच होता.

खाली येऊन मी ते तीस खोडलं आणि शेजारी पुन्हा तीस लिहिलं. सॉफ्टवेअरने खाडाखोडीचे चार गुण कापले. कापू दे मेल्याला.